चारशे तीस अर्थांचा शब्द

इंग्रजीतला ‘सेट’ हा जगातला सर्वाधिक अर्थांचा शब्द आहे आणि त्याचे ४३० अर्थ आहेत, हे विधान सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून, इंग्रजी संभाषणाच्या वर्गांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतल्या चौकटींतून इतक्या वेळा येऊन गेले आहे की त्याची शहानिशा करावी असे कोणाला वाटत नाही. गंमतीची माहिती म्हणून ते सोडूनही देता आले असते. पण त्याच्या आधारे दोन निष्कर्ष काढले जातात आणि ते दोन्ही गंभीर आहेत. एका पक्षाला त्यात इंग्रजीची अफाट समृद्धी दिसते. दुसऱ्या पक्षाला त्यात इंग्रजीचा गबाळेपणा दिसतो. आमच्या भाषेत प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र शब्द आहे, असे तो अभिमानाने सांगतो. हे पक्ष एकमेकांच्या विरुद्ध उभे असले तरी त्यांच्या पायाखालची जमीन एकच आहे. शब्दाच्या पोटात अर्थ सुटे सुटे ठेवलेले असतात, म्हणून ते मोजता येतात, आणि त्या मोजणीवरून भाषेबद्दल काही ठरवता येते, असे दोघेही धरून चालतात. हे गृहीतकच चुकीचे आहे, असे माझे म्हणणे आहे.

आधी हा आकडा कुठून आला ते पाहू. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. तीत सर्वांत लांब नोंद ‘सेट’ या क्रियापदाची होती: सुमारे ६०,००० शब्दांची, ४३० अर्थच्छटा नोंदवणारी. मात्र या नोंदीचा मुख्य सांगाडा १९८९ चा नाही. तो पहिल्या आवृत्तीतला, म्हणजे पहिल्या महायुद्धापूर्वी हेन्री ब्रॅडली यांच्या देखरेखीखाली रचलेल्या ‘एस’ विभागातला आहे. १९३३ च्या पुनर्मुद्रणाला जोडलेल्या ऐतिहासिक प्रस्तावनेत या नोंदीचा खास उल्लेख सापडतो. नोंद अठरा पानांहून मोठी असून तिचे १५४ मुख्य विभाग आहेत. त्यांतला शेवटचा ‘सेट अप’चा. त्याच्या पोटविभागांना अक्षरे देता देता सगळी रोमन वर्णमाला संपली, म्हणून दुहेरी अक्षरे सुरू करावी लागली आणि तीही ‘आर-आर’पर्यंत गेली.

नोंदीतला खरा बोलका भाग मला हाच वाटतो. एकट्या ‘सेट अप’चे चाळीसहून अधिक पोटविभाग, आणि ते सगळे ‘सेट’च्या खात्यावर जमा! त्यांच्या जोडीला ‘सेट ऑफ’, ‘सेट आउट’, ‘सेट इन’, ‘सेट अबाउट’ ही मंडळी आहेतच. हे ‘सेट’चे अर्थ म्हणायचे, की ‘सेट’ आणि दुसरा शब्द मिळून झालेल्या जोडशब्दांचे? मराठीत ‘बसणे’ घ्या. ‘रुसून बसली’, ‘भलतेच करून बसला’, ‘पैसे घालवून बसलो’ या वाक्यांत बसण्याची क्रिया कुठेच नाही. होऊन गेलेली, आता मागे न घेता येणारी गोष्ट ‘बसणे’ सुचवते. हे सगळे प्रयोग ‘बसणे’खाली एकेक करून मांडले, तर आपलीही नोंद हवी तेवढी लांबवता येईल. मांडले नाहीत म्हणून मराठी लहान होत नाही.

शिवाय ऑक्सफर्डचा कोश ऐतिहासिक तत्त्वांवर रचलेला आहे. शब्दाचा जो वापर लेखी पुराव्यासह सापडला, तो आज कोणी करत नसला तरी तिथे नोंदवला जातो आणि मृत अर्थांपुढे खंजिराची खूण छापली जाते. म्हणजे ४३० मध्ये आजच्या इंग्रजी माणसाच्या तोंडी कधीच न येणारे अर्थही आहेत. आणखी एक गफलत अशी की, ही माहिती देताना उदाहरणे दिली जातात ती टेनिसच्या सेटची, भांड्यांच्या सेटची आणि गणितातल्या संचाची. हे सगळे नाम आहे. आकडा क्रियापदाचा आणि उदाहरणे नामाची, अशी ही सरमिसळ आहे.

ही सरमिसळ वरवरची नाही, कारण दोहोंचे कूळच वेगळे आहे. ‘सेट’ हे क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या ‘सेट्टन’पासून आले. ते ‘सिट’ म्हणजे बसणे याचे प्रयोजक रूप आहे. ‘बसवणे’ हा त्याचा मूळ अर्थ. त्याचे संस्कृतातले भावंड आपल्या ओळखीचे आहे. ‘सद्’ या धातूपासून ‘सदन’, ‘सभासद’, ‘उपनिषद’ हे शब्द झाले, आणि ‘सादयति’ हे त्याचे प्रयोजक रूप घडणीनेही ‘सेट’शी जुळते. समूह या अर्थाचे ‘सेट’ हे नाम मात्र जुन्या फ्रेंचमधून आले. त्याचे मूळ लॅटिन ‘सेक्टा’, म्हणजे अनुयायांचा गट. ‘सेक्ट’ हा इंग्रजी शब्दही त्यातूनच निघाला. पुढे इंग्रजीत दोघांचा उच्चार एक झाला आणि अर्थांनीही एकमेकांवर छाया टाकली. तेव्हा ज्याला एक शब्द म्हणून मिरवले जाते, तिथे मुळात किमान दोन शब्द आहेत.

यावर कोणी म्हणेल, आकडा थोडा कमी-जास्त असेल, पण ‘सेट’ पहिला आहे हे तरी खरे ना? तेही खरे नाही. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात सर्वांत मोठा पसारा ‘टेक’चा आहे: १३४ अर्थ. ऑक्सफर्डच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत ‘सेट’ पुढे आहे. तिसऱ्या आवृत्तीचे काम २००० साली ‘एम’ अक्षरापासून प्रसिद्ध होऊ लागले. ते २०११ मध्ये ‘रन’पर्यंत पोचले, तेव्हा ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले. संपादक पीटर गिलिव्हर यांनी त्या एका शब्दावर नऊ महिने घालवले होते. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या वर्डनेट या संगणकीय कोशात मात्र त्याच ‘रन’ क्रियापदाचे अवघे ४१ अर्थ आहेत आणि तिथला अग्रमान ‘ब्रेक’कडे, ५९ अर्थांसह, जातो. कोश बदलला की पहिला क्रमांक बदलतो, आणि ६४५ चे ४१ होतात. बोलणारे तेच, भाषा तीच, वाक्ये तीच. मग बदलले काय? बदलला तो कोशकाराचा हेतू आणि त्याच्या कात्रीचा बारीकपणा. जो आकडा मोजणाऱ्याबरोबर पंधरापट बदलतो, तो मोजलेल्या वस्तूचा गुण असू शकत नाही.

‘रन’ने ‘सेट’ला मागे टाकले, ही बातमी आली तेव्हा सायमन विंचेस्टर यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून तिचा अर्थ लावला. आपला काळ धावपळीचा, यंत्रांचा, म्हणून ‘रन’ वाढला, असा त्यांचा सूर होता. ऑक्सफर्ड कोशाच्या इतिहासावर सुंदर पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाबद्दल मला आदर आहे. इंजिने आणि यंत्रे आल्यावर ‘रन’ला नवे प्रयोग मिळाले, हेही खरेच आहे. पण शर्यतीचा निकाल त्यावरून लागत नाही. २०११ मध्ये ‘रन’ची नोंद नव्याने तपासलेली होती आणि ‘सेट’ची जुनीच होती. एका शेताची मोजणी आजच्या साखळीने आणि दुसऱ्याची शंभर वर्षांपूर्वीच्या दोरीने करून कोणते मोठे ते सांगता येत नाही. मग त्यावर युगाच्या स्वभावाचे भाष्य उभे करणे दूरच राहिले.

मराठी वाचकाची फसगत आणखी एका ठिकाणी होते आणि ती अधिक खोल आहे. इंग्रजीत घोडा ‘रन’ करतो, नदी ‘रन’ करते, नाक, यंत्र, रस्ता, निवडणुकीतला उमेदवार, सगळ्यांना तेच क्रियापद लागते. आपल्याकडे घोडा धावतो, नदी वाहते, नाक गळते, यंत्र चालते, रस्ता जातो आणि उमेदवार निवडणूक लढवतो. आपण सहा क्रियापदे मोजतो आणि म्हणतो, ‘रन’चे सहा अर्थ झाले. हे अर्थ आपण ‘रन’मध्ये मोजलेले नाहीत, मराठीत मोजले आहेत. उलट्या बाजूने पाहा. माणूस चालतो, घड्याळ चालते, दुकान चालते, खटला चालतो, डोके चालते, गोळी चालते, जुनी पाचशेची नोट आता चालत नाही, आणि ‘चहा घेणार का?’ याला उत्तर येते ‘चालेल’. इंग्रजी माणसाला यांच्यासाठी निरनिराळे शब्द शोधावे लागतात. तो म्हणेल, मराठीतल्या या एका शब्दाचे केवढे अर्थ! आपल्याला ते अनेक वाटतात का? थांबून न राहता पुढे जात राहणे, एवढी एकच कल्पना आपल्या मनात असते. काय चालते ते सोबतचे नाम सांगते.

म्हणून ‘आमच्या भाषेत प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र शब्द’ हा अभिमान टिकत नाही. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज झिफ यांनी १९४५ मध्ये दाखवले की, शब्द जितका अधिक वापरात, तितके त्याचे अर्थ अधिक. साधारणपणे वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ते वाढतात. त्यांनी हे इंग्रजीवर दाखवले, पण त्यामागचे कारण कोणत्याही भाषेला लागू पडणारे आहे. रोजच्या, आखूड, जुन्या क्रियापदांवरच सगळा भार पडतो. जॉन्सनने आपल्या प्रस्तावनेत अशा क्रियापदांची यादीच दिली होती आणि त्यांच्या छटा एकमेकींत इतक्या नकळत मिसळतात की त्यांच्या मध्ये रेघ ओढणे अशक्य आहे, अशी तक्रार केली होती. त्या यादीत ‘सेट’ आणि ‘रन’ दोन्ही आहेत. १३४ अर्थ स्वतः लिहून काढणाऱ्या माणसाची ही कबुली आहे, आणि ती ४३० च्या आकड्याबरोबर कधीच छापली जात नाही.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम युक्तिवाद घेतो. तो असा: अर्थ वेगवेगळे नसतील, तर ‘त्याला भूक आणि नोकरी एकदमच लागली’ हे वाक्य विचित्र का वाटते? एकच ‘लागली’ दोन्हीकडे जोडली की ती फाटते, त्या अर्थी तिथे दोन अर्थ आहेत. ही कसोटी भाषाशास्त्रात मान्य आहे आणि मीही ती मान्य करतो. पण ती पुढे नेऊन पाहा. ‘भूक आणि तहान लागली’ निर्वेध चालते. ‘झोप आणि भूक लागली’ही चालते. ‘झाडाला कीड आणि आग लागली’ किंचित अडखळते. ‘दाराला कडी आणि रंग लागला’ कुणाला खटकेल, कुणाला नाही. ‘वेळ आणि पैसा लागतो’ सहज जाते. ‘वेळ आणि ठेच लागली’ मोडते. म्हणजे कसोटी ‘एक’ किंवा ‘दोन’ असे उत्तर देत नाही. ती एक उतार दाखवते, ज्यावर काही प्रयोग जवळ आहेत, काही लांब, आणि मध्ये कुठेही पायरी नाही. टोकांना फरक आहे हे निर्विवाद. पण उताराला पायऱ्या किती, हा प्रश्न निरर्थक आहे. ज्याला खोदायच्या त्याने त्या खोदाव्यात.

आपल्या शास्त्रकारांनी हा प्रश्न फार पूर्वी हाताळला होता. अनेकार्थी शब्दांची नोंद करायला त्यांचा विरोध नव्हता. अमरकोशाच्या तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग आहे आणि तिथे एकट्या ‘हरि’ला विष्णू, इंद्र, सिंह, वानर, बेडूक, घोडा, पोपट, साप असे चौदा अर्थ दिले आहेत. हेमचंद्राने तर अनेकार्थसंग्रह हा वेगळा ग्रंथच रचला. तरी मीमांसकांनी एक शिस्त घालून दिली: शब्दाला दुसरी शक्ती, म्हणजे दुसरा थेट अर्थ सांगण्याचे सामर्थ्य, तेव्हाच मानायची, जेव्हा तिच्यावाचून निभावत नाही. लक्षणेने किंवा संदर्भाने जो अर्थ मिळतो, तो शब्दाच्या नावावर चढवायचा नाही. ४३० च्या यादीला ही एक चाळण लावली तरी तिचा बराचसा भाग खाली गळून पडेल. आणि भर्तृहरीने, पाचव्या शतकाच्या सुमारास, वाक्यपदीयाच्या दुसऱ्या कांडात अर्थनिश्चय कशाने होतो त्याची साधने नोंदवली: साहचर्य, विरोध, प्रकरण, औचित्य, देश, काळ आणि इतर. पुढे मम्मटासारख्या काव्यशास्त्रज्ञांनी त्यांची उदाहरणे दिली. ‘राम-लक्ष्मण’ म्हटले की राम दशरथाचा. ‘राम-अर्जुन’ असे वैर सांगितले की तो परशुराम, आणि अर्जुन तो कार्तवीर्य. ‘सैंधव आण’ हे वाक्य जेवणाच्या पाटावर मिठासाठी असते आणि प्रवासाला निघताना घोड्यासाठी.

सैंधवाचे उदाहरण जुने झाले म्हणून घरातलेच एक देतो. ‘दही छान लागलंय.’ सकाळी भांड्यावरचे झाकण काढून म्हटले, तर विरजण नीट धरले. दुपारी पानावर म्हटले, तर चव चांगली आहे. शब्द तेच, क्रम तोच, आणि तरी घरात कुणी विचारत नाही की तुला कोणता अर्थ अभिप्रेत आहे. मॅसॅच्युसेट्समधले संशोधक पिआन्टाडोसी, टिली आणि गिब्सन यांनी २०१२ मध्ये जे मांडले ते हेच: संदर्भ जे आधीच सांगतो ते शब्दाने पुन्हा सांगण्याची गरज नसते, म्हणून भाषा आखूड, सोपे शब्द पुन्हा पुन्हा वापरते आणि त्यात बोलणाऱ्याचे श्रम वाचतात. अनेकार्थता हा गबाळेपणा, असे म्हणणाऱ्यांना यात उत्तर आहे.

मला सर्वांत निर्णायक वाटणारा पुरावा मात्र आपल्या दारातला आहे. ‘सेट’ मराठीत आला, ‘रन’ही आला. अर्थ शब्दाच्या पोटात साठवलेले असते, तर शब्दाबरोबर ते सगळे आले असते. आले किती? ‘रन’ आला तो क्रिकेटच्या मैदानावरून, धावेपुरता. नदीचा, नाकाचा, निवडणुकीचा ‘रन’ वेशीबाहेरच राहिला. ‘सेट’ आला तो दागिन्यांचा, कपबशांचा, नाटक-सिनेमाचा, टेनिसचा. मागून ‘केस सेट करणे’, ‘स्लॅब सेट होणे’, ‘पोरगा सेट झाला’ हे आले, आणि ‘सेटिंग लावणे’ हे तर मराठी-हिंदी बोलीने स्वतः घडवले. सूर्याचा ‘सेट’ आला नाही, कारण आपला सूर्य मावळतो. दह्याचा आला नाही, कारण आपले दही लागते. प्रत्येक अर्थ आपल्या सोबत्याला धरून आला. सोबती आला नाही तिथे अर्थही आला नाही.

ज्यांचा उद्योगच कोश रचण्याचा, त्यांनाही हे जाणवले आहे. ब्रिटिश कोशकार स्यू ॲटकिन्स यांनी शब्दार्थ अशा वस्तूवर आपला विश्वास नाही असे एका चर्चेत म्हटले, आणि ॲडम किलगॅरिफ यांनी १९९७ मध्ये त्याच आशयाचा मथळा देऊन निबंध लिहिला. वाक्यांचे समूह असतात, आणि अर्थ म्हणजे कोशकाराने आपल्या कामासाठी पाडलेले त्यांचे गट, असा त्याचा निष्कर्ष होता. प्रत्यक्ष प्रयोगही तेच सांगतात. वर्डनेटचे बारीक अर्थ हाती देऊन दोन प्रशिक्षित माणसांना वाक्यांतली क्रियापदे वर्गवार लावायला सांगितली, तेव्हा त्यांचे एकमत सत्तर टक्क्यांच्या आसपास झाले. म्हणून २००६ च्या ऑन्टोनोट्स प्रकल्पात अर्थ एकत्र करत करत नव्वद टक्के एकमताच्या पातळीवर आणावे लागले. भाषा जन्मतः बोलणारी दोन शिकलेली माणसे जे अर्थ एकमेकांपासून वेगळे ओळखू शकत नाहीत, ते अर्थ भाषेत आहेत असे कशाच्या आधाराने म्हणायचे?

याचा अर्थ प्रत्येक शब्दाला एकच अर्थ असतो असा नाही. चार्ल्स रूल यांनी १९८९ मध्ये तसे प्रतिपादन केले होते आणि ते मला पटत नाही. लॅटिनमधून आलेला ‘सेट’ आणि ‘सिट’चा प्रयोजक ‘सेट’ यांना एका बीजात कोंबता येणार नाही. आपल्याकडेही कर भरण्याचा ‘कर’ आणि हाताचा ‘कर’ एकाच खणात ठेवून काही मिळत नाही. टोके वेगळी आहेत, हे नोंदवणे कोशकाराचे कर्तव्यच आहे. माझा आक्षेप संख्येला आहे, आणि त्या संख्येवरून भाषांची उंची मोजण्याला.

तसे मोजायला लागलो, की मराठीवर अन्याय होतो आणि तो कोणाच्या ध्यानातही येत नाही. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, सुधारलेली आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून खंडशः निघाला. दोन्ही कामे थोर आहेत. पण ऑक्सफर्डने १८५७ च्या प्रस्तावापासून १९२८ च्या अखेरच्या भागापर्यंत एकाहत्तर वर्षे, हजारो वाचकांकडून वाक्यांच्या चिठ्ठ्या गोळा करून, प्रत्येक प्रयोगाला सालवार पुरावा जोडून जे केले, ते मराठीसाठी झालेले नाही. तेव्हा ‘सेट’चे ४३० आणि ‘लागणे’चे अमुक, ही तुलना दोन शब्दांची नव्हे. ती दोन समाजांनी आपल्या भाषेच्या नोंदणीवर खर्च केलेल्या वर्षांची आहे.

तशी नोंद झाली तर ‘लागणे’चे काय दिसेल? संस्कृत ‘लग्’ हा धातू, त्याचा अर्थ चिकटणे. त्याच धातूचे ‘लग्न’, आणि मराठीत लग्नही पुन्हा लागतेच. भिंतीला हात लागणे, पायाला ठेच लागणे, घराला आग लागणे इथे स्पर्श उघड दिसतो. भूक, झोप, नाद, ध्यास लागणे इथे तो अंगाला बाहेरून येऊन बिलगणाऱ्या अवस्थेचा होतो. शोध, निकाल, तारीख, नोकरी इथे वाट पाहिलेली गोष्ट अखेर हाती येऊन टेकते. ‘तो माझा मामा लागतो’ हे नात्याचे लागणे आणि ‘रडू लागला’ हे क्रियेला हात घालण्याचे. एस.टी.च्या स्थानकावर पुण्याची गाडी फलाटाला लागते आणि घाटात तीच गाडी प्रवाशाला लागते. यांना क्रमांक देऊन भागणार नाही. लीळाचरित्रातले, ज्ञानेश्वरीतले, बखरींतले, पेशवेकालीन पत्रांतले, पहिल्या वृत्तपत्रांतले आणि आजच्या बोलण्यातले ‘लागणे’ वाक्यांसह, सालासह, शेजारच्या नामासह एकाखाली एक ठेवावे लागेल. कोणत्या नामाच्या सोबतीने शब्द कोणत्या दशकात कुठे वळला, हे तेव्हा डोळ्यांना दिसेल. हे काम व्हायला हवे, आणि ते विद्यापीठांनी व साहित्यसंस्थांनी मिळून हाती घेण्याजोगे आहे. वाक्ये गोळा करण्याचे जे काम तिकडे चिठ्ठ्यांवर झाले, ते आज अंकीय ग्रंथसंग्रहांमुळे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे.